दोन पुरुष आणि एक निळा

फोंडाघाटापासून वेंगुर्ल्यापर्यंत जत्रेतला दशावतार बघत वाढलेल्या माणसाला दोन पुरुषांचं प्रेम नवं नसतं. राजा पुरुष, राणीही पुरुषच. राणी रडली की समोरच्या बायका डोळ्यांना पदर लावतात. नऊवारी आणि गजरा असला की कुणाला काही खटकत नाही.

ती नऊवारीच काढून टाकली तर? 1982 साली भूपेन खक्कर यांनी ‘टू मेन इन बनारस’मध्ये तेच केलं. दोन नग्न पुरुष मिठीत उभे, एकाचे केस पांढरे. बाकी काशी त्यांच्यापुढे अगदी लहान: देवळं, साधू, पूजेला बसलेली माणसं.

खक्कर मुंबईचे, जन्म 1934चा. शिकले चार्टर्ड अकाउंटंट व्हायला. 1962मध्ये बडोद्याला गेले आणि अर्धवेळ हिशेब सांभाळून चित्रं काढत राहिले. स्वतःविषयी चित्रांतून उघड बोलायला लागले ते 1980च्या सुमारास, आई गेल्यावर. ‘यू कान्ट प्लीज ऑल’ 1981चं, हे त्याच्या पुढच्या वर्षीचं.

यातला निळा मात्र नीट बघायला हवा. (मोबाइलवर तो काळपट दिसतो, पडद्याचा उजेड वाढवून बघा.) रात्र काळी रंगवली असती तर हे दोघं चोरून भेटल्यासारखे वाटले असते. खक्करांची रात्र गडद निळी आहे. नाथद्वाऱ्याच्या पिछवाया त्यांच्या आवडीच्या होत्या, आणि शरद पौर्णिमेच्या पिछवाईत रास चालतो तो अशाच निळ्या रात्रीत. या निळ्यावर कातडीचा रंग उजळतो, म्हणून नजर आधी मिठीवर जाते, देवळांवर मागाहून. शिवाय देवळं आणि मिठी एकाच निळ्यात भिजलेली असल्यामुळे पूजा आणि शरीर यांच्यात कुठे कुंपण पडत नाही. दशावतारात प्रेक्षकाला सांभाळून घेण्याचं जे काम नऊवारी करते, ते इथे रंग करतो, आणि तेही काही न झाकता.

हे रंगवताना 1860च्या दंड संहितेतलं कलम 377 पूर्णपणे लागू होतं. सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना सर्वोच्च न्यायालयाने त्यातून मोकळं केलं ते 6 सप्टेंबर 2018ला. पुढच्या जूनमध्ये हे चित्र लंडनच्या लिलावात सुमारे 25 लाख पौंडांना गेलं. खक्कर 2003मध्येच वारले होते.