बाळापूर: वऱ्हाडातलं चार महिन्यांचं बेट

नदीतला किल्ला म्हटलं की कावेरीतलं श्रीरंगपट्टण आठवतं. पण आपल्या वऱ्हाडातही असं एक बेट आहे. फरक एवढाच, की ते फक्त पावसाळ्यात असतं.

अकोल्याहून खामगावकडे निघालं की पंचवीसेक किलोमीटरवर बाळापूर. इथे मन आणि म्हैस या नद्यांचा संगम होतो. दोन्हींच्या मधल्या उंचवट्यावर किल्ला. पूर आला की एखादी बाजू सोडली तर चहूकडे पाणी. म्हणजे खंदक फुकटात!

आता तुम्ही म्हणाल, इथेच किल्ला काऊन बांधला? त्यासाठी १७२० च्या पावसाळ्यात जाऊ. दख्खन कोणाची, यावरून निजामुल्मुल्क आणि सय्यद बंधूंचा पुतण्या आलम अली खान समोरासमोर आले. आलम अलीच्या बाजूने मराठेही होते. मधे होती दुथडी भरलेली पूर्णा. निजामाने स्थानिक जमीनदारांच्या मदतीने उतार शोधला आणि फौज पलीकडे नेली. पुढे काळ्या मातीचा चिखल, संततधार पाऊस, धान्याची टंचाई. तरी ऑगस्टमध्ये बाळापूरजवळच्या लढाईत जिंकला तोच. विशीतला आलम अली मारला गेला. पुढे १७२४ मध्ये साखरखेर्ड्याची लढाई जिंकून निजामाने हैदराबादचं राज्य पक्कं केलं. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं, तेही निजामाकडूनच.

बाळापूरच्या किल्ल्याचं काम औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने सुरू केलं होतं. ते पूर्ण झालं १७५७ मध्ये, एलिचपूरच्या इस्माईल खानाच्या हातून. दुहेरी तटबंदी, एकामागे एक तीन दरवाजे. प्रश्न असा, की दोन नद्या असताना एवढा तट कशाला?

उत्तर श्रीरंगपट्टणात सापडतं. ४ मे १७९९ ला इंग्रजांनी हल्ला केला तेव्हा कावेरीचं पाणी उतरलेलं होतं. सैनिक पाण्यातून चालत पलीकडे गेले. पावसाची वाट पाहिली असती तर नदीनेच त्यांना अडवलं असतं.

म्हणजे बघा, नदी ही भिंत नाही, वेळापत्रक आहे. पाणी कधी चढतं, उतार कुठे आहे, हे ज्याला कळलं, तो पुढे सरकला. आणि ते माहीत होतं गावातल्या माणसांना. जमीनदारांच्या मागचे वाटाडे कोण, त्यांची नावं मात्र इतिहासात नाहीत.

पुढच्या वेळी बाळापूरवरून जाल, तर पुलावरून दोन्ही नद्या एकदा नक्की बघा. भेटू पुढच्या भागात!