चिंचपोकळीच्या टापूतील पडदा

चिंचपोकळीच्या उत्तरेस लालबाग-परळचे गिरणगाव आणि दक्षिणेस भायखळ्याच्या बाजूला मदनपुरा-नागपाड्याचे मोहल्ले असा हा टापू आहे. मुसलमान स्त्रीचा वेष सर्वत्र आणि सर्वकाळ एकच होता, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी या टापूचा पूर्वेतिहास अवश्य पाहावा.

उत्तर हिंदुस्थानातून आलेले मोमीन विणकर मदनपुऱ्यात स्थिरावले, तेव्हा त्यांच्या स्त्रिया पडद्याच्या दस्तुराप्रमाणे उंबरठ्याआड राहूनच सुताची कामे करीत. उलट रत्नागिरी-कुलाब्याकडील कोकणी मुसलमान स्त्रिया शेजारच्या हिंदू बायांप्रमाणे लुगडे-चोळी नेसत, आणि त्यामुळे आपल्या ईमानास बाध येतो असे त्यांस वाटत नसे. एकाच धर्मातील ही तफावत प्रांत, पेशा आणि ऐपत यांतून उत्पन्न झाली होती.

मुंबईतीलच सुलेमानी बोहऱ्यांच्या तय्यबजी घराण्याने मात्र पडद्याचा प्रश्न विचारपूर्वक हाती घेतला. हायकोर्टाचे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी १९०३ साली मुंबईत भरलेल्या मुस्लिम शिक्षण परिषदेच्या अध्यक्षपदावरून रूढ पडदा कुराणाच्या आज्ञेपलीकडे गेला असल्याचे प्रतिपादन केले. आणि त्यांच्याच आप्तकुलातील अतिया फैजी १९०६ साली अध्यापनाच्या शिक्षणासाठी लंडनला गेल्या, तेव्हा मस्तक आच्छादलेले आणि मुख अनावृत असा स्वतःच ठरविलेला वेष त्यांनी परदेशातही सोडला नाही. या वेषाचे मला विशेष मोल वाटते, कारण त्यात रूढीची शरणागती नव्हती आणि साहेबी अनुकरणही नव्हते. पुढे १९८०च्या सुमारास दाऊदी बोहऱ्यांत रिदा हा मस्तकासह अंग झाकणारा रंगीत वेष सार्वत्रिक झाला, तो धर्मगुरूंच्या फर्मानाने. म्हणजे त्याच शहरात, जवळच्याच जमातीत, निर्णयाची मुखत्यारी पुन्हा पुरुषांकडे गेली.

१८ एप्रिल १९६६ रोजी समाजसुधारक हमीद दलवाई यांच्या पुढाकाराने विधिमंडळावर मोर्चा नेणाऱ्या सात मुसलमान स्त्रियांनी तलाकाविषयी न्याय मागितला. वेषाची फिर्याद अदालतीपुढे आली ती बरीच पुढे. शाळेत मस्तकवस्त्राची परवानगी मागणारी एका विद्यार्थिनीची याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. चेंबूरच्या महाविद्यालयातील हिजाबबंदीविरुद्धची नऊ विद्यार्थिनींची याचिकाही २६ जून २०२४ रोजी फेटाळली गेली. मात्र ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या बंदीस अंशतः स्थगिती दिली. पडदा काढविणारा सुधारक असो, पाळायला लावणारा धर्मगुरू असो की नियम करणारी संस्था असो, जिच्या वेषाचा प्रश्न आहे त्या स्त्रीची कैफियत ऐकून घेण्याआधी निकाल देण्याचा अधिकार त्यांपैकी कोणासही नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.