अ‍ॅक्रोमेगली : हातातील मज्जातंतुविकार

पीयूषिका ग्रंथीतील गाठीमुळे वृद्धिसंप्रेरक जास्त स्रवून प्रौढपणी हातपाय व जबडा वाढण्याचा विकार. फ्रेंच वैद्य पिएर मारी यांनी १८८६ मध्ये त्याला हे नाव दिले. या विकारात मनगटाच्या बोगद्यात मध्य मज्जातंतू दाबला जाऊन अंगठ्याला व लगतच्या बोटांना मुंग्या येतात, विशेषतः रात्री. मज्जातंतू स्वतःही सुजतो. कोपरापाशी दाब आल्यास करंगळी बधिरते. ठाणे जिल्ह्यातील शहापूर-मुरबाडच्या भातशेतीत हे दुखणे आवणी-कापणीच्या श्रमावर ढकलणे सोपे. पण बोटातली अंगठी उतरेनाशी होणे, चपलेचे माप वाढणे या खुणा अधिक बोलक्या. निदान रक्तातील आयजीएफ-१ (वृद्धिसंप्रेरकामुळे वाढणारा घटक) व एमआरआयने होते. अंतःस्रावविज्ञान विभाग मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात आहे : शहापूरकरांना आसनगावहून लोकल, मुरबाडहून एसटीने आधी कल्याण. नाकावाटे गाठ काढल्यावर मुंग्या बहुधा ओसरतात, वाढलेली हाडे मात्र तशीच राहतात.