किरणोत्सर्ग-मापन, फुकुशिमा (२०११ पासून)

जपानमधील फुकुशिमा दाइइची अणुवीज प्रकल्पाच्या अपघातानंतर हवा, माती, पाणी आणि अन्न यांतील किरणोत्सर्गाची सुरू झालेली मोजणी. ११ मार्च २०११ च्या भूकंप-त्सुनामीत प्रकल्पाबरोबर मोजणीची यंत्रणाही कोलमडली. प्रांतातील २४ स्थायी मापनकेंद्रांपैकी २३ निकामी झाली. नेमक्या त्या दिवसांत आकड्यांची सर्वाधिक गरज होती.

वाऱ्याबरोबर किरणोत्सारी द्रव्ये कुठे जातील याचा अंदाज बांधणारी ‘स्पीडी’ ही सरकारी संगणकप्रणाली चालू होती. पण तिचे निष्कर्ष २३ मार्चपर्यंत लोकांसमोर आलेच नाहीत. दरम्यान नामिए गावचे हजारो लोक सुरक्षित समजून वायव्येच्या त्सुशिमा भागात आसऱ्याला गेले होते. १५ मार्चला वारा तिकडेच वळला, पाऊस आणि बर्फ पडले आणि किरणोत्सारी सीझियम जमिनीवर उतरले. या चुकीला क्षमा नाही. अंदाज अचूक नव्हता हे खरे, पण दिशा तरी सांगता आली असती. इइताते गावाचा बहुतेक भाग प्रकल्पापासून ३० किलोमीटरच्या पलीकडे, तरी तेथील प्रदूषण तीव्र होते. गाव रिकामे करण्याचा आदेश निघाला २२ एप्रिलला. नकाशावर कंपासने काढलेले वर्तुळ वाऱ्याला ठाऊक नसते.

हवेतील मात्रा ताशी मायक्रोसीव्हर्टमध्ये सांगतात. मोजणारा सहसा जमिनीपासून एक मीटर उंचीवर उपकरण धरतो. लहान मुलांच्या शाळेत ५० सेंटिमीटरवर. अंगणाच्या मध्यावर आकडा कमी दिसतो आणि चार पावले सरकून पन्हाळीच्या तोंडाशी, शेवाळाजवळ, तोच झपाट्याने चढतो, कारण छपरावरचे सीझियम पावसाच्या पाण्याबरोबर वाहून तिथेच साचते. म्हणून गावाची सरासरी एखाद्या घराला फारशी उपयोगाची नसते. ही उणीव भरून काढायला ‘सेफकास्ट’ या नागरी उपक्रमाचे स्वयंसेवक गाडीला मापक लावून रस्तोरस्ती फिरले आणि नोंदी सर्वांसाठी खुल्या केल्या.

बाहेर पडलेल्या द्रव्यांपैकी आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवसांचे. ते लवकर सरले. सीझियम-१३७ चे सुमारे ३० वर्षांचे, त्यामुळे अन्नाची मोजणी पुढेही चालू राहिली. एप्रिल २०१२ पासून सामान्य अन्नासाठी किलोमागे १०० बेकरेल ही मर्यादा आहे. त्याच वर्षीच्या हंगामापासून फुकुशिमात पिकलेल्या तांदळाचे एकूणएक पोते सरकत्या पट्ट्यावरून यंत्राखाली जाऊ लागले. ३० किलोचे एकेक, वर्षाला सुमारे एक कोटी. उत्तीर्ण पोत्यावर तपासणीचे लेबल लागे. २०२० पासून बहुतेक भागांत नमुना-तपासणी पुरेशी मानली गेली.