प्रोस्टेट ग्रंथीचा जुनाट दाह

पुरुषांच्या मूत्राशयाखाली, मूत्रमार्गाभोवती अक्रोडाएवढी प्रोस्टेट अर्थात अष्ठीला ग्रंथी असते. तिचा दाह दीर्घकाळ टिकल्यास ओटीपोटात, जांघेत वा वृषणांत वेदना, वारंवार लघवी आणि जळजळ ही लक्षणे आढळतात. उतारवयात ग्रंथी वाढते तो विकार निराळा. हा दाह तरुणांनाही होतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९५ मध्ये या विकाराचे ४ प्रकार ठरविले. त्यांपैकी तिसरा, जिवाणूसंसर्गाविना होणारा जुनाट श्रोणिवेदनेचा प्रकार सर्वाधिक आढळतो. मागील ६ महिन्यांपैकी किमान ३ महिने वेदना असल्यास व अन्य कारण न सापडल्यास त्याचे निदान होते. जंतूच नसल्याने प्रतिजैविके पुनःपुन्हा घेऊन लाभ होत नाही. मूत्रमार्ग सैल करणारी अल्फा-ब्लॉकर औषधे, वेदनाशामके, श्रोणीच्या स्नायूंना शिथिल करणारी भौतिकोपचार पद्धती व ताणनियंत्रण यांच्या एकत्रित योजनेने अनेकांना आराम पडतो.

दाहामुळे रक्तातील 'पीएसए'चे प्रमाण वाढू शकते. केवळ त्यावरून कर्करोगाचा निष्कर्ष काढू नये. मात्र थंडीताप आल्यास किंवा लघवी अडल्यास तत्काळ रुग्णालयात जावे. संकोचापायी दुखणे लपविल्यास उपचार लांबतात.