पाझर आणि ओघ

जमिनीखालच्या पाण्यासाठी मराठीत दोन क्रियापदे सहज वापरली जातात. विहिरीच्या कडेतून पाणी पाझरते. डोंगराच्या कुशीतला झरा मात्र वाहतो. भूजलशास्त्रात या दोन क्रियापदांची फारकत झाली, आणि ती सांधण्यास संगणकालाही बराच काळ लागला. हा इतिहास साहित्याच्या अभ्यासकांनीही जाणून घ्यावा असे आम्हांस वाटते; कारण प्रश्न अखेर वाचनाचाच आहे.

हेन्री डार्सी हे फ्रान्समधील दिझाँ शहराचे अभियंता. १८४० साली त्यांनी रोझ्वार येथील झऱ्याचे पाणी सुमारे १२ किलोमीटर लांबीच्या बंदिस्त कालव्यातून शहरात आणले. १८५६ च्या ग्रंथात त्यांनी वाळूच्या थरातून पाणी कोणत्या वेगाने झिरपते याचा नियम मांडला. नळांतून वाहणाऱ्या पाण्यावरचे त्यांचे प्रयोग १८५७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १८५८ मध्ये त्यांचे निधन झाले. पाझरण्याचा व वाहण्याचा, अशा दोन्ही नियमांशी आज त्यांचे नाव जोडलेले आहे. परंतु भूजलशास्त्राने वारसा घेतला तो मुख्यतः वाळूचा. नळाचा नियम पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांकडे राहिला.

चुनखडीच्या प्रदेशात ही वाटणी टिकत नाही. पावसाचे किंचित आम्ल पाणी खडकाच्या भेगा विरघळवत जाते. भेगांच्या वाहिन्या होतात, वाहिन्यांच्या गुहा. १८७७ साली अडॉल्फ क्नॉप यांनी जर्मनीत डॅन्यूब नदी जेथे जमिनीत लुप्त होते तेथे १० किलो फ्लुरेसिन हा रंग सोडला. सुमारे १२ किलोमीटर दूर असलेल्या आख येथील झऱ्यात तो साधारण अडीच दिवसांत हिरवा चमकत प्रकट झाला. वाळूतील पाण्याला एवढ्या अंतरासाठी अनेक वर्षे लागली असती.

तरीही संगणक आला तेव्हा त्याला शिकवले गेले ते वाळूचेच गणित. अमेरिकी भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेने १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘मॉडफ्लो’ ही प्रणाली जमिनीचे चौकटींत तुकडे पाडते आणि एका चौकटीतून दुसरीत किती पाणी झिरपेल ते डार्सींच्या पहिल्या नियमाने काढते. चौकटीतली गुहा या हिशेबात सरासरीत विरून जाते. एकूण किती पाणी मिळेल हे अशा सरासरीवरून पुष्कळदा नीट सांगता येते. पाणी कोणत्या वाटेने आणि किती दिवसांत येईल, हे मात्र सांगता येत नाही.

याचे मोल कॅनडातील वॉकर्टन या गावी दिसले. मे २००० मध्ये मुसळधार पावसाबरोबर शेणखतातील जंतू तेथील सार्वजनिक विहिरीत उतरले. क्लोरीनची मात्रा अपुरी होती. ७ माणसे दगावली आणि सुमारे २३०० आजारी पडली. दुर्घटनेनंतर केलेल्या संगणकीय प्रतिमानाने सांगितले की ३० दिवसांत विहिरींपर्यंत पोहोचू शकणारे पाणी ३०० मीटरच्या आतलेच असेल. पुढे संशोधकांनी प्रत्यक्ष मागकाढे पदार्थ सोडून पाहिले, तेव्हा ३५० मीटरवरचे पाणी दोन दिवसही न लावता विहिरीत आले. दुर्घटना प्रतिमानामुळे घडली नव्हती, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. परंतु त्या आकड्यांवर विसंबून विहिरींभोवती संरक्षक सीमा आखली असती, तर ती सीमा नकाशावरच राहिली असती. आकडेमोड अचूक होती. चुकले होते ते गृहीतक. आणि त्या गृहीतकाला उत्तर देणारा प्रयोग शंभरहून अधिक वर्षांपूर्वीच झालेला होता.

या शतकाच्या पहिल्या दशकाच्या उत्तरार्धात मॉडफ्लोला वाहिन्यांच्या प्रवाहाची जोड मिळाली. खडकासाठी वाळूचा नियम, गुहेसाठी नळाचा. दोहोंत पाण्याची देवघेव. डार्सींचे दोन नियम असे एका प्रणालीत नांदू लागले. मात्र वाहिन्या कोठे आहेत हे संगणकाला कोणीतरी सांगावेच लागते, आणि ते सांगतात रंग सोडणारे व गुहेत उतरून मोजमाप घेणारे.

संहितेच्या सरासरी अर्थावर समाधान मानणारे वाचन आपल्यालाही परिचित आहे. ते बहुतेक ठिकाणी खरे ठरते, म्हणूनच त्याचा संशय येत नाही. एखादी ओळ जेथे अचानक खोल जाते आणि दूर कोठेतरी वर येते, तेथे मात्र ते फसते. अशा जागी रंग सोडून पाहण्याचा धीर वाचकाला हवा.