सोसणें आणि सांगणें

बोरीबंदर ते ठाणें ही आपल्या देशांतील पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं धांवली, हें शाळकरी मुलांनाहि ठाऊक असतें. आजचीं घाटकोपर व मुलुंड हीं उपनगरें याच लोहमार्गावरचीं. पण त्याच्या नऊच दिवस आधीं, ७ एप्रिलला, राणी व्हिक्टोरियानें प्रसूतिसमयीं क्लोरोफॉर्म घेतला, हें फारसें कोणाच्या स्मरणांत नाहीं. १८४७ सालीं एडिंबरोच्या डॉ. सिम्प्सन यांनीं प्रसूतीसाठीं तो प्रथम वापरला, तेव्हां वेणा हा स्त्रीचा ईश्वरदत्त भोग आहे, तो हलका करूं नये, असे आक्षेप निघाले. त्यांना उत्तर देण्यासाठीं सिम्प्सन यांना स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. वेदना कोणाची आहे हें पाहून तिच्यावरील उपचार ठरावा, ही रीत अशी जुनी आहे.

हाच लोहमार्ग १८५४ मध्यें कल्याणला पोंचला, आणि त्या कल्याणांत १८६५ सालीं आनंदीबाई जोशी जन्मल्या. चौदाव्या वर्षीं त्यांना झालेलें मूल योग्य उपचाराअभावीं दहा दिवसांत गेलें. १८८६ मध्यें अमेरिकेंत त्यांनीं वैद्यकाची पदवी मिळविली. तेथील त्यांचा प्रबंधहि प्रसूतिशास्त्रावरच होता. त्या काळीं अनेक घरंदाज कुटुंबांत परपुरुषास अंग दाखविणें निषिद्ध होतें. दुखणें सुनेचें, आणि तें डॉक्टरांना सांगावयाचें नवऱ्यानें किंवा सासूनें! दुसऱ्याच्या तोंडून सांगितलेली कळ निम्मी बोथट होते. आनंदीबाई १८८७ मध्यें, बाविसावें वर्षहि पुरें होण्यापूर्वीं, निवर्तल्या.

मुंबईंत मात्र कार्य सुरू झालें होतें. शेट सोराबजी शापुरजी बंगाली व अमेरिकन व्यापारी किट्रेज यांनीं निधि उभारला, पेस्तनजी होरमसजी कामा यांनीं मोठी देणगी दिली, आणि १८८३ च्या अखेरीस डॉ. ईडिथ पीची विलायतेहून येथें आल्या. एडिंबरोंत रसायनाच्या परीक्षेंत यश मिळवूनहि, केवळ स्त्री म्हणून, शिष्यवृत्ति नाकारली गेलेल्या या बाई! १८८६ मध्यें कामा रुग्णालय सुरू झालें. बोरीबंदराच्या, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या, जवळ तें अद्यापि उभें आहे. तेथें स्त्रीला आपलें दुखणें आपल्याच तोंडानें सांगतां येऊं लागलें.

मग प्रश्न सुटला काय? अर्धाच सुटला. सांगणारी मिळाली, ऐकणारी मिळाली. पण शास्त्र पुरुषदेहावरच बेतलेलें राहिलें. १९७७ मध्यें अमेरिकेच्या औषध-नियामक खात्यानें, गर्भधारणा होऊं शकेल अशा स्त्रियांना नव्या औषधांच्या प्रारंभींच्या चांचण्यांतून वगळावें, अशी सूचना केली. ती १९९३ मध्यें मागें घेतली गेली. २०१५ सालीं उंदरांवरील प्रयोगांत असें दिसलें कीं, नरांमध्यें मज्जारज्जूंतील ज्या पेशी वेदना टिकवून धरतात, त्या रोखल्यानें माद्यांना उतार पडत नाहीं. त्यांच्यांत वेगळ्या पेशी तें कार्य करतात. म्हणजे वेदनेची वाटच निराळी! अर्धशिशी स्त्रियांना पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट ग्रासते. हृदयविकाराच्या झटक्यांत स्त्रियांना छातींतील कळेबरोबर धाप, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणें अधिक वेळां होतें. आणि तें पित्त किंवा थकवा समजून दिवस जातो.

दोष केवळ शास्त्राचा नव्हे, आपल्या घराचाहि आहे. कळ, ठणका, चमक, शूल, वेणा, असे किती नेमके शब्द आपल्या भाषेंत आहेत! तरी मुलीला आपण एकच क्रियापद शिकवितों: सोसणें. मुलाला म्हणतों, पुरुषासारखा पुरुष, आणि रडतोस काय? परिणामीं तिचें दुखणें नित्याचें म्हणून, आणि त्याचें लाजेपायीं, डॉक्टरांपर्यंत उशिरा पोंचतें.

अंधेरी-बोरीवलीच्या गाडीच्या गर्दींत उभी असलेली गृहिणी घरीं येऊन पाठ दुखते असें म्हणाली, तर तिला काय विचारावें? कोठें, केव्हांपासून, आणि कसें दुखतें. आनंदीबाईंच्या काळीं घरोघरच्या सुनांना हे प्रश्न विचारणारें फारसें कोणी नव्हतें. आज ते विचारावयास वैद्यकाची पदवी लागत नाहीं.